उभ्या-आडव्या दगडाचा सत्कार

नवागाम, सुरत

आदरणीय लोकेशमामांना भाची जागृतीचा सप्रेम जय भीम.

मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आईचं बीपी ताळ्यावर आहे, प्रदीपचं डोकं कधीच नव्हतं, आणि बाबांची छाती आठवडाभर फुगलेली आहे. त्याचंच हे पुराण.

माझं संशोधन तुम्हाला ठाऊकच आहे (नसलं तरी लग्नकार्यात सगळ्यांना सांगता, त्याबद्दल आभार). जमिनीखालच्या थरांच्या दगडातून आवाज थरांना धरून भरभर जातो, थर ओलांडताना रेंगाळतो. दगड एकच, पण एका दिशेने ताठ, दुसऱ्या दिशेने जरा मऊ. यंत्रात घालून चहूबाजूंनी दाब वाढवला की आतल्या बारीक फटी मिटतात आणि हा फरक कमी होत जातो. पुरता मात्र जात नाही. (आई शेजारी सांगते, "पोरगी दगड दाबते.")

मागे एकदा बाबा म्हणाले, तो दगड एकदा दाखव तरी. मी एकाच दगडाचे दोन गोल तुकडे घरी आणले, एक थरांना धरून कापलेला, एक थर छेदून. थर डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून खडूने एकावर 'आ' म्हणजे आडवा आणि दुसऱ्यावर 'उ' म्हणजे उभा लिहिलं होतं. बाबांनी मिलमध्ये कापडाचा ताका बघत तसे ते उजेडात धरले आणि काही न कळता "मस्त आहे" म्हणाले. पुढे प्रयोगशाळेत दाब देऊन मोजलं, तर मी खुर्चीतून उठलेच! आवाज थर ओलांडतानाच जास्त वेगाने धावत होता. सर म्हणाले, "पुन्हा मोज, आणि कोणाला बोलू नकोस." पुन्हा तेच आलं. मी कोणालाही बोलले नाही, फक्त घरी बोलले.

संध्याकाळपर्यंत बाबांनी गल्लीभर सुरती घारीची मिठाई वाटली. कोपऱ्यावर फ्लेक्स लागला: माझा बारावीतला फोटो आणि खाली 'पृथ्वीच्या पोटातले नियम उलटे करणारी नवागामची कन्या'. येत्या रविवारी विहारात सत्कार आहे.

फ्लेक्स बघून प्रदीप जेवेना. शेवटी मला गच्चीवर नेऊन म्हणाला, "ताई, आईने ते दगड साबणाने धुतले होते. तू ओरडशील म्हणून अक्षरं मीच परत लिहिली."

"बघून लिहिलीस ना?"

"अंदाजाने."

मामा, पृथ्वी सरळच होती. उलटं झालं ते आमच्या मोरीत. मी त्याच दगडाचे दोन नवे तुकडे कापून पुन्हा मोजलं. सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. बाथरूममध्ये जाऊन थोडं रडले, मग सरांना सांगितलं. ते हसून हसून खोकायला लागले. पण बाबांना कसं सांगू? सत्कारासाठी शिवलेला नवा सदरा ते घरातसुद्धा घालून बसतात.

तुमची,
जागृती

ता.क. फोन केला असता, पण आमच्या घरी फोन स्पीकरवरच असतो.

ता.क. २. खरं काम असं, की हे पत्र आणणारे गृहस्थ म्हणजे बाबाच. सत्काराचं आमंत्रण द्यायला आलेत. त्यांना आधी पोटभर जेवू घाला आणि मग तुम्हीच सांगा. माझी जीभ रेटत नाही.

ता.क. ३. लोकेश, हे मी रामजी लिहितोय. गाडी हलते म्हणून अक्षर वाकडं. पाकीट नंदुरबारला उघडलं. चूक प्रदीपची, पण ती कळल्यावर पुन्हा मोजून सरांपुढे उभी राहिली ती माझी पोरगी. सत्कार होणारच. फ्लेक्सवाल्याला फोन करून 'उलटे करणारी' खोडून 'तपासून घेणारी' लिहायला सांगितलंय. पण तिला वाटू दे की मला तूच सांगितलंस. तेव्हा जेवण झालं की तू गंभीर तोंड करून सांग, मी धक्का बसल्यासारखं करतो. वांग्याचं भरीत असलं तर धक्का जरा उशिरा बसेल.