तुझ्या गाडीचा नवा ऑल्टरनेटर

आई, तुझी गाडी काल दुपारी बारवी धरणाचा चढ चढली. दोन्ही दिवे, वायपर आणि डॅशबोर्डवरचा तुझा तो छोटा पंखा, सगळं एकदम चालू ठेवून चढली. आभाळात एक ढग नव्हता, तरी मी काचेवर बाटलीभर पाणी ओतून वायपर फिरवला. रस्त्याकडेच्या गुराख्याने कपाळाला हात लावला. लावू दे.

तू नर्स होतीस, लसींचा डबा घेऊन याच रस्त्याने पाड्यापाड्यांवर जायचीस, आणि गाडीत आम्हाला सक्त ताकीद असायची, एका वेळी एकच गोष्ट. दिवे लावले की पंखा बंद. "म्हातारी आहे ती, जपा तिला," म्हणायचीस. अंबरनाथला घरासमोर तू ती कायम उताराकडे तोंड करून लावायचीस, म्हणजे सकाळी आम्हा भावंडांचा एक धक्का पुरायचा. तू गेल्यावर पंधरा वर्षं मी तिला महिन्यातून एकदा ढकलून चालू करत राहिले. यंदा भाऊ म्हणाला, आता भंगारात दे. मी त्याला असं झापलं की आठवडाभर त्याचा फोन आला नाही.

मग इरेला पेटून गाडी उल्हासनगरला एका वयस्क सिंधी इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने पाहिलं आणि सांगितलं की गाडी म्हातारी म्हणून दमत नाही, इंजिन मंद असलं की हिचा डायनॅमो बॅटरीला उपाशी ठेवतो. त्याने डायनॅमो काढून त्याच्या जागी मंद इंजिनावरही पुरेशी वीज देणारा ऑल्टरनेटर बसवला, त्यासाठी मोरिवलीच्या वर्कशॉपमधून पट्टी बनवून आणली, जाड वायर ओढली. आणि एवढं करून काही नाही. इंजिन चालू, पण मीटर बारा व्होल्टच्या पुढे सरकेना, म्हणजे बॅटरी चार्जच होत नव्हती. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तो डॅशबोर्डखाली डोकं घालून विचारतो, "ताई, लाल बत्तीचा बल्ब किधर गया? होल्डर तर रिकामा आहे."

मला हसूच फुटलं, लहानपणीचा तो दिवस आठवला. बदलापूरच्या रस्त्यावर गाडी उभी आहे, पुढे आजी बसली आहे. इंजिन मंदावलं की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, आणि आजी "अगं पेटली, पेटली" म्हणत दार उघडायला बघते. तू केसातली पिन काढतेस, बल्ब उपटून पर्समध्ये टाकतेस आणि म्हणतेस, "झालं आई, विझली." मी मागे बसून खिदळते आहे. डायनॅमोचं त्यावाचून काही अडलं नाही, पण त्या बल्बमधून जाणारा थोडासा करंट मिळाल्याशिवाय या नव्या यंत्राला जाग येत नाही. बल्ब बसवला. लाल दिवा लागला, इंजिन सुरू झालं, दिवा विझला आणि मीटर चौदावर गेला. "अब जो लगाना है लगाओ," तो म्हणाला. मी भर दुकानात टाळ्या वाजवल्या.

काल भाऊ शेजारी होता. धरणापाशी थांबलो तेव्हा पंख्याचा वारा तोंडावर घेत तो म्हणाला, "चुकलो मी. तू होतीस म्हणून गाडी वाचली." मी जमेल तेवढ्या ऐटीत मान डोलावली. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून तुला सांगते. तो भंगाराचं बोलला, त्याच्या चार दिवस आधी मीच भंगारवाल्याला फोन लावला होता. त्याने उचलला नाही.