शोषखड्ड्याचं कलम

प्रिय शलाका,

आधी माझी एक तक्रार नोंदवून घे. गेल्या रविवारी दुपारी दोन ते चार, म्हणजे ज्या वेळी बावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला झोपेचा घटनादत्त हक्क असतो, नेमक्या त्याच वेळी माझा फोन त्रेचाळीस वेळा थरथरला. पावसात टिकलेल्या घरांच्या बातमीतला तुझा वर्तमानपत्रातला फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर पडला होता आणि इंदिरानगरापासून आमच्या एचएसआर लेआउटपर्यंतच्या समस्त मराठी जनांना तू एकाएकी आपल्या घरातली वाटायला लागली होतीस. उतार म्हटलं की ज्याला फक्त तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प आठवतो, त्या मकरंदनं जोडलेल्या हातांची सहा चित्रं पाठवली. मीही एक अंगठा पाठवला. तो पाठवायला मला पाऊण तास लागला, हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

आमच्या स्मृतीनं तर ते कात्रण फ्रिजवर लावलं. आणि लावायला बाईसाहेबांना चुंबक कोणतं मिळावं, तर माझ्याच परिसंवादात वाटलेलं, थेंबाच्या आकाराचं, ‘पाणी जिरवा’ लिहिलेलं. त्यामुळे हल्ली रोज सकाळी दूध काढायला गेलो की तू चिखलात रेनकोट घालून उभी असतेस, माझ्या थेंबाखाली, हसत. केस बरेच पांढरे झाले तुझे. ते तुला शोभतात, हेही मला फारसं रुचलेलं नाही. मी स्मृतीला म्हटलं, अगं, बत्तीस पानांची पुस्तिका लिहिली तिनं, काही धरण नाही बांधलं. त्यावर ती म्हणाली, तुझं कोणतं धरण कुठल्या नदीवर आहे ते सांग, रविवारी बघून येऊ.

तू बंगळूर सोडलंस त्याला नऊ वर्षं झाली. शिवाजीनगरच्या त्या कळकट हॉटेलात तुला निरोप दिला तेव्हा मी सगळ्यांसमोर भाकीत केलं होतं, की डोंगरातल्या जळवा बघितल्या की ही सहा महिन्यांत परत येते. तू आली नाहीस. तू मूळची निपाणीची. दोन्ही भाषा तुझ्या घरच्याच. मी मात्र इतकी वर्षं इथे राहून कन्नडमध्ये ‘स्वल्प’ आणि ‘सरी’, म्हणजे ‘थोडं’ आणि ‘बरं’, एवढीच इस्टेट केली आहे. पण भाषेपेक्षा जुनं एक दुखणं आहे. प्रशिक्षण शिबिरात तू नुसत्या नजरेनं उतार सांगायचीस, बावीस अंश, एकतीस अंश, आणि आम्ही यंत्र लावून मोजायचो तर तेवढाच निघायचा. तुझा तो वडिलांनी दिलेला पितळी उतारमापक त्याच शिबिरात हरवला होता, आठवतं? त्यानं तुझं काही अडलं नाही. ते मला तेव्हाही खुपलं होतं.

आता आमच्या बांधकाम नियमावलीतलं कलम चौदा. ते कोणाचं अपत्य आहे हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगत आलोय. नवं घर बांधाल तर छपराचं पाणी शोषखड्ड्यात सोडा: एक मीटर रुंद, तीन मीटर खोल, आत दगडगोटे. खड्डा नाही तर पूर्णत्वाचा दाखला नाही आणि दाखला नाही तर वीज नाही. हजार फुटांवरही बोअरला पाणी न लागणाऱ्या सपाट शहरात हे कलम सोन्यासारखं आहे, आणि हे मी आजही छातीवर हात ठेवून म्हणेन. आमच्या लेआउटात अकरा खड्ड्यांवर मी स्वतः नारळ फोडलेत. लोक मंदिराच्या पायाभरणीला पुढाऱ्यांना बोलावतात, खड्ड्याला मला बोलावतात. पुढे नमुना नियमावली सगळीकडे पाठवायची ठरली, तेव्हा कलम चौदाही तिच्याबरोबर निघालं. डोंगरावर चढताना त्याला कोणी हटकलं नाही. मी तर नाहीच.

मग तुझी पुस्तिका आली. डोंगर उभा कापू नका, घरच पायऱ्यापायऱ्यांनी उतारावर बसवा. कापलेल्या कड्यापासून इतकं अंतर सोडा. छपराचं पाणी पक्क्या नाल्यानं थेट ओढ्यापर्यंत न्या. आणि एकोणिसाव्या पानावर एकच ओळ: वीस अंशांहून जास्त उतारावर शोषखड्डा घेऊ नये. ना माझं नाव, ना टीका. मोरीतलं झुरळ चपलेनं बाजूला करावं तसं माझं कलम तू सरकवून दिलं होतंस. मंडळाच्या दिवाळी अंकात मी त्यावर ‘डोंगरी पंडिता’ नावाचा लेख लिहिला. लोक खूप हसले. तूही फोन करून हसलीस. तुझ्या हसण्यानं त्या लेखाची सगळी मजा गेली.

तीन आठवड्यांपूर्वी नियमावली समितीबरोबर घसरणीच्या पाहणीला तुझ्या त्या डोंगरातल्या गावी आलो, तेव्हा मी मनातल्या मनात तुझ्या चुका शोधत होतो. तुझ्या पुस्तिकेप्रमाणे डागडुजी केलेली जुनी अकरा घरं जुलैच्या त्या चार दिवसांच्या पावसातही जागच्या जागी उभी होती. त्यांना दाखला लागत नव्हता, म्हणून खड्डाही लागला नाही. बारावं घर कावेरीचं. गल्लीत तेवढंच नवं, म्हणून तेवढंच नियमाप्रमाणे. घराच्या मागच्या अंगाला, चढावर, खड्डा इतका नेमका होता की मी माप घ्यायला वाकलो आणि क्षणभर, लाज वाटते सांगायला, मला बरं वाटलं. एक मीटर, तीन मीटर. दगडगोटेसुद्धा माझ्या आकृतीतल्यासारखे, खाली मोठे, वर बारीक. त्याच्या खालचा सगळा भाग घसरला होता. स्वयंपाकघर गेलं होतं, आणि पुढच्या खोलीत, कॉटच्या पायाशी, कावेरी आम्हा पाहुण्यांसाठी कॉफी उकळत होती.

तिच्या सासऱ्यांनी, आप्पाजींनी, मला काहीतरी विचारलं. मी सवयीनं तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, “ते विचारतायत, हा खड्डा भरला की पाणी कुठं जातं?” मी म्हणालो, जमिनीत मुरतं. तू ते जसंच्या तसं त्यांना सांगितलंस. त्यांनी मान हलवली, “सरी” म्हणाले, आणि स्वयंपाकघर होतं त्या दिशेनं खाली बघत राहिले. मग कावेरीनं विचारलं, हा नियम केला कोणी. एवढं कन्नड मलाही कळतं. मी कपात बघत बसलो. तू म्हणालीस, जुना नियम आहे, बदलतोय आता. माझ्याकडे तू पाहिलंही नाहीस. परतीच्या जीपमध्ये घाट संपेपर्यंत मी तुझ्यावर चिडलेला होतो. इतकं चांगलं वागायचं काही कारण नव्हतं.

आता जे सांगायला बसलो ते. तुझी पुस्तिका दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, मंजुरीसाठी आमच्याकडे आली आणि चौदा महिने अडकली; सुटली तीही नुसता सल्ला म्हणून, नियम तसाच राहिला. फायलीवर शेरा होता: ‘स्थानिक अपवाद वाढल्यास नियमावलीत एकरूपता राहणार नाही. अधिक अभ्यास व्हावा.’ सही नाही, फक्त ‘तज्ज्ञ सदस्य’. कोणता अभ्यास, हे विचारणारी तीन पत्रं तू समितीला पाठवलीस. मग मला फोन केलास, की गिरी, तू आत आहेस, हा शहाणा कोण ते जरा शोधून काढशील का. मी म्हणालो, बघतो. आठ दिवसांनी तुला सांगितलं, कळत नाही बुवा. शलाका, तो शहाणा मी. अभ्यास कसलाही नव्हता. एकोणिसावं पान होतं. आणि त्याच चौदा महिन्यांत कावेरीचं घर उभं राहिलं, खड्ड्यासकट.

परवा पंचनाम्याची प्रत माझ्या टेबलावर आली. घसरणीचं कारण: ‘घरमालकाने केलेले सदोष काम’. त्या बाईनं आमचं ऐकलं, एवढाच काय तो दोष. काल शुक्रवारी मी समितीत लेखी निवेदन दिलं. शेरा माझा होता. कावेरीनं खड्डा नियमाच्या सक्तीनं आणि मापात अचूक बांधला, चूक नियमाची आहे, तो नियम माझा आहे, आणि पंचनामा दुरुस्त करावा. डोंगरी तालुक्यांना वेगळं प्रकरण असावं, ते तुझ्या पुस्तिकेचंच, आणि वर तुझं नाव असावं. अध्यक्षांनी विचारलं, विचार करून लिहिलंय ना, कारण आता चौकशी होईल. मी म्हटलं, होऊ दे. हे तुला समितीच्या पत्रातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आप्पाजींना खरं उत्तर तूच सांग, माझ्या नावानिशी. मला त्यांच्या भाषेत ते सांगता येणार नाही, आणि खरं तर आपल्याही भाषेत तोंडावर सांगता आलं नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. कात्रण मी काढलेलं नाही, आणि मत्सर गेलाय असं समजू नकोस; आज सकाळीही दूध काढताना तो जागेवरच होता. सोबतच्या खोक्यात तुझा उतारमापक आहे. तो हरवला नव्हता. वीस वर्षं माझ्या मोज्यांच्या खणात होता, आणि इथं मोजायला उतारही नव्हता. काच पुसली आहे, स्क्रूला तेल दिलं आहे. काल खिडकीच्या कठड्यावर ठेवून पाहिला, बुडबुडा अजून बरोबर मधोमध येतो.

तुझाच,
गिरीराज