परशाच्या कालेजाचा कौल

मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०७. सकाळी.
माझा नातू परशुराम मेट्रिक पास झाला तेव्हापासून माझं तोंड काही मिटत नाही. अख्ख्या मोहने गावात पहिलाच. आळीभर साखर वाटली. ज्या घराशी बोलणं नाही तिथं मुद्दाम दोन मुठी जास्त. परशा पाटीवर अक्षरं गिरवायचा तेव्हा मीही शेजारी बसून गिरवली, म्हणून तर हे लिहिते. म्हणजे अर्धी मेट्रिक माझीही.

आज टपालानं दोन कालेजांची उत्तरं आली. मुंबईचं म्हणतं ये, पुण्याचं म्हणतं ये. माझा लेक राघो, परशाचा बाप, म्हणाला, आये, मोठी तू, तूच सांग. आता सगळं माझ्यावर. थंड डोक्यानं ठरवीन.

वद्य षष्ठी.
सून तुळसा विचारते, ठरलं का? म्हटलं, अगं, कालेज म्हणजे काय भेंडी आहे, टोक मोडून बघायला? मुंबईला नळाचं पाणी पितात. बोर्डिंगात कोण रांधतं, कुणाच्या हातचं, देव जाणे. पुण्याला घाट, घाटात बोगदे. बोगद्यात गाडी शिरली की आत काय होतं ते कुणी पाहिलंय? अंधारच असतो.

पोराच्या शिक्षणाच्या आड मी मुळीच येणार नाही. फक्त मुंबई नको आणि पुणं नको.

वद्य दशमी. दुपारी.
मुंबईवाले बोर्डिंगातली जागा अमावास्येपर्यंतच धरून ठेवणार. पुणेवाले संक्रांतीपर्यंत थांबतील. परशाला मुंबई बरी वाटते. म्हणाला, आजी, दर शनिवारी घरी येता येईल. पण तू म्हणशील तसं, तुझ्या मनाविरुद्ध पाऊल टाकणार नाही.

किती गुणी! डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, बाळा, मी कोण सांगणारी? गावदेवीला कौल लावू. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर मुंबई, डावी पडली तर पुणं. दोन्ही राहिल्या तर पोरानं घरीच राहायचं. हे शेवटचं मी मनातल्या मनात म्हटलं. देवीला ऐकू जातं.

वद्य द्वादशी.
कौल लावला. भिवा गुरव म्हणाला, आजी, पाकळ्या मी लावतो, ते माझं काम. म्हटलं, नातू माझा, हातही माझाच. वाटीतल्या पाण्यात गुळाचा खडा विरघळवून नेला होता. देवळात वारा फार. वाऱ्यानं पाकळी पडली तर तो देवीचा कौल कसा म्हणायचा?

दुपार झाली, पाकळी हलेना. भिवा हात जोडून म्हणतो, आई, बोल गं, पोराला मिशा फुटायला लागल्या! परशा नुसता उजव्या खांद्याकडे बघत होता. शेवटी भिवा म्हणाला, देवी बोलेपर्यंत पत्र टाकू नका.

देवी किती समजूतदार.

अमावास्या.
पाकळ्या तिथंच. परशा टपाल हपिसापर्यंत गेला आणि तसाच परत आला. जेवला नाही. आनंदाचं दडपण आलंय पोराला. तुळसा भाकरी वाढते नि पाठ फिरवते. मलाही घास उतरत नाही, बहुतेक पित्त.

मुंबईची जागा गेली. जाऊ दे. उद्यापासून पौष, पौषात नवं काम काढतं कोण?

पौष शुद्ध तृतीया.
सकाळीच भिवानं हाका मारून सगळ्यांना देवळात नेलं. देवीच्या अंगावर मुंग्यांची रांग. डावी पाकळी त्यांनी ओढून खाली पाडलेली, उजवी अजून वर. भिवा म्हणाला, कौल झाला, पुणं! मग खांद्याला बोट लावून चाटलं. म्हणाला, आजी, कौल लावलास की नैवेद्य?

राघो म्हणाला, आये, कशानं चिकटवल्यास? म्हटलं, पाण्यानं. खोटं काय त्यात? गूळ पाण्यातच होता. राघो बाहेर निघून गेला. परशानं एकदाच माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

होकाराचं पत्र त्यानं आजच पुण्याला टाकलं.

शुद्ध सप्तमी. संक्रांत.
परशा गेला. संक्रांतीला कुणी घर सोडतं का, म्हणायला तोंड उघडलं, तुळसानं बघितलं, मिटलं. तिळाचे लाडू तिनं एकटीनं वळले. म्हणाली, सासूबाई, गुळाला तुम्ही हात लावायचा नाही.

बैलगाडीनं कल्याण इष्टेशनापर्यंत गेले. पलीकडे मुंबईची गाडी उभी होती. किती जवळ वाटत होती. परशाला म्हटलं, जातो म्हणू नये रे, येतो म्हण. पाया पडला. म्हणाला, येतो आजी, उन्हाळ्याच्या सुट्टीत.

उन्हाळ्याच्या! थंडी तर आत्ता कुठं सुरू झाली.

देवीची इच्छा. मी मध्ये पडले नाही.

शुद्ध एकादशी. शनिवार.
बोरूला टोक परशाच काढून द्यायचा. बोथटच आहे.

दिवेलागणीला अंगणात दोनदा जाऊन आले. मुंबईला असता तर आला असता.

दुपारी कळशीभर पाणी घेऊन देवळात गेले होते. देवीचे खांदे धुतले. गूळ निघता निघत नाही.