तिथीची पाऊणपट

सोमवार, ३ फेब्रुवारी
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! विक्रोळीत एका जुन्या कारखान्याच्या आवारात आमची लॅब आहे, चौथ्या मजल्यावर. खिडकीतून कांदळवन आणि खाडी दिसते. कामही माझ्या माहेरचंच म्हणायचं: समुद्रातल्या स्पंजातून अर्क काढायचा आणि तो नव्या रक्तवाहिन्या फुटू देतो का, ते तपासायचं. कॅन्सरची गाठ वाढायला रक्त लागतं. वाटच बंद केली की गाठ उपाशी.

लॅबमधल्या जोडीदाराला, किरणला म्हटलं, आज षष्ठी, साडेचारला भरती. आम्हा वेसाव्याच्या कोळ्यांना घड्याळ लागत नाही, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तो मोबाईलवर ताडून बघत बसला.

आमच्या प्रमुख रश्मी मॅडमनी घरचं विचारलं. मला तिसरा महिना आहे, हे बोलले नाही. आधीची दोन टिकली नाहीत. तीन महिने भरल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी आईची ताकीद आहे. आणि हे मूल मला हवंय. हवंच आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
ट्रॉलरच्या जाळ्यात सापडलेला स्पंज बर्फातून आला. पांढराफेक, त्यावर एक शिंपला नाही की शेवाळ नाही. मी हातमोजे काढले आणि सरळ चिरायला घेतला. मोजे घालून कधी कोलंबी सोलता येते का? किरण ओरडला, पण तोवर बोटांत काचेसारखी कुसळं गेली होती.

फोनवर आईला हसत सांगितलं. ती हसली नाही. ज्यावर काहीच वस्ती करत नाही ते किनाऱ्याला आणायचं नसतं, जाळ्यातूनच परत सोडायचं, म्हणाली. आईला कशातही काहीतरी दिसतंच.

सोमवार, १० फेब्रुवारी
उबवलेल्या बारा अंड्यांच्या कवचांना खिडक्या कापून आत अर्काचा एकेक थेंब सोडला. इवलंसं पिल्लू, भोवती लाल रेषांचं जाळं. बघवेना, का कोण जाणे.

बोटांतली कुसळं सुईने काढली. रक्त आलं नाही. जागा पांढरी पडलीय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
प्रत्येक अंड्यात थेंबाभोवती पांढरं वर्तुळ, लाल रेषा पुसून टाकल्यासारख्या. मॅडमनी पेढे वाटले. पिल्लं मात्र बाराही मेली. एकाचंही हृदय चालत नाही. डोस कमी करू, किरण म्हणाला.

दीड वाजता मी ट्रे फ्रीजरकडे नेत होते. एक पिल्लू हललं. मग बाराही. मिनिटभर. किरण जेवायला गेला होता.

ट्रे फ्रीजरमध्ये ठेवायला हात धजला नाही. मागच्या कपाटात लपवलाय.

सोमवार, १७ फेब्रुवारी
दोन दिवस झोप नाही. तळहातावर पांढरं वर्तुळ आलंय.

आज पुन्हा हलली. पावणेचारला. तीन दिवसांची मेलेली, रक्ताचा थेंब नसलेली. शुक्रवारी द्वितीया होती, दीड. आज पंचमी, पावणेचार. पाऊणपट. भरती.

मॅडमना पोटातल्या बाळाचं सांगून टाकलं. त्यांनी आधी माझ्या हातातली अर्काची बाटली काढून घेतली. पहिल्याच दिवशी बोलली असतीस तर तुला कागदी काम दिलं असतं, या खोलीत पाऊल टाकू दिलं नसतं, म्हणाल्या. मी गप्प बसले म्हणजे बाळ जपतेय, असं समजत होते. मूर्ख मी.

गुरुवार, २० फेब्रुवारी
बेंबीखाली वर्तुळ. पांढरं. साबणाने घासलं, खोबरेल लावलं — जात नाही.

सव्वापाचला पोटात काहीतरी वळलं. आईला विचारलं. चौथा-पाचवा लागल्याशिवाय कळत नाही, वारा धरला असेल, म्हणाली. मग तीच रडायला लागली.

सप्तमी. सव्वापाच.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
सोनोग्राफी. डॉक्टरीणबाईंनी आवाज सुरू केला, बंद केला. पुन्हा सुरू. ठोका नाही. बाळाकडे रक्तच जात नाही, बरेच दिवस झाले असावेत. उद्या सकाळी ॲडमिट व्हायचं, पोट मोकळं करायचं.

कृणालने मला घरी आणलं. औषधं आणायला गेलाय नवरा माझा, रडायलाच गेला असणार.

मी एकटी. पावणेसहा.

आज अष्टमी.

नको हलू रे बाळा. गेला असशील तर — आईला सोसेल. आधीही सोसलंय.

पण हलला नाहीस तर —

सहाला दोन कमी. डावा हात पोटावर. काही नाही. काही नाही. देवा, काहीच —

सहा. एकदा. पुन्हा. अगदी तळहाताशी, त्या पांढऱ्या जागेवर, आतून माझंच बोट धरून कुणी