सुतळीने बांधलेला मजकूर

परभणी,
रविवार, ८ डिसेंबर १९८५

परमस्नेही साडूबुवा दिनकरराव यांस,

परभणीहून धाकट्या साडूचा दंडवत. आपली कंबर, अक्कांचे गुडघे आणि पूर्णा स्टेशनातली आपली तिकीटखिडकी ही तिन्ही सुरळीत उघडमीट करत असतील, अशी पोखर्णीच्या नृसिंहाजवळ प्रार्थना आहे. इकडे सर्व क्षेम. सुमन बरी आहे. हेमाची शिक्षिकेची परीक्षा झाली. माझंही बरं आहे, पण ते कसं बरं झालं हेच सांगायला पत्र लांबतंय.

गेल्या बुधवारी सकाळी पूजा उरकून मी छापखाना उघडला आणि पहिलं काम कोणतं केलं, तर फळीवर सुतळीने बांधून ठेवलेल्या एका मजकुराकडे पाठ करून बसलो. हा मजकूर महिन्यापासून शिशाच्या खिळ्यांत जुळवून तयार होता. दर बुधवारी तो अंकात घालायचा असं मी ठरवी आणि दर बुधवारी त्याच्या जागी सेलूचे कापसाचे भाव घाली. (त्यामुळे सेलूच्या कापसाला आमच्या 'ओसरी' साप्ताहिकाइतका मान महाराष्ट्रात कोणीच दिला नसेल.) मजकूर माझाच होता, माझ्याविषयी होता, आणि तो छापला तर सेलूच्या आबासाहेबांकडे हेमाचं लग्न जे जमत आलंय ते मोडेल, अशी मला खात्रीच होती.

आमच्या धंद्याचं तुम्हाला ठाऊक आहेच. पाटीवर 'बातम्या, जाहिराती, लग्नपत्रिका व मनाची विचारपूस' असं लिहिलंय, त्यावरून तुम्ही एकदा विचारलं होतं की शेवटचं कलम कोणत्या दराने. ते फुकट आहे. फक्त बसण्याचा नियम आहे. खुर्चीवर बसून सांगितलेलं छापायचं, बाकड्यावर बसून सांगितलेलं पोटात ठेवायचं. साधा नियम, पण लोक चुकतात. पंचायत समितीचे आश्रुबा एकदा गर्दीत जागा नाही म्हणून बाकड्यावर टेकले, तासभर पाझर तलावांवर बोलले आणि गुरुवारी अंकात ओळ नाही म्हणून भांडायला आले. उलट पत्रिका छापायला आलेले एक वधूपिता खुर्चीत बसून इतके रडले की मी त्यांना खुर्चीसकट उचलून बाकड्याजवळ नेऊ का, असा विचार करत होतो.

हे विचारपुशीचं कलम कसं लागलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात, विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वस्त्या जळाल्या तेव्हा, मी सायकलवर जाऊन जळलेली घरं मोजली आणि छापली. मला वाटलं, मोठं काम केलं. पुढच्या आठवड्यात त्यातल्या एका घरच्या धुरपताबाई सोळा मैल चालत आल्या आणि म्हणाल्या, "घरं मोजली तुमी. आता बसा अन् आयका." मी बसलो. दुपारपर्यंत त्या बोलल्या. छापण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि विसरण्यासारखंही नव्हतं. त्यानंतर दुसरे आले, मग तिसरे. सहा वर्षं मी ऐकत गेलो, आणि एक दिवस असं झालं की मला झोप येईना, जेवण जाईना, देवापुढे बसलो तर स्तोत्र अर्ध्यात थांबे आणि पुढचं आठवेना. स्तोत्र विसरलो म्हणून मी घाबरलो, नाहीतर बाकीचं मी वयावर ढकललं असतं.

तेव्हापासून अकरा महिने मी महिन्यातून एकदा औरंगाबादला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. घरी सांगायचो, छपाईचा कागद आणायला जातो. सुमनने पहिल्या खेपेला दोन भाकरी बांधल्या, दुसऱ्या खेपेपासून चार, आणि दरवेळी एवढंच म्हणे, "कागद लय हलका मिळायलाय यंदा." तिला सगळं कळलं होतं, हे मला अकराव्या महिन्यात कळलं. (मी वार्ताहर आहे.) औषधाने आणि त्या डॉक्टरांच्या शांत बोलण्याने मी बरा झालो. स्तोत्र पूर्ण येतं. नृसिंहाला मी विचारलं नव्हतं की जाऊ का नको. उत्तर आपल्याला माहीत असताना देवाचा वेळ घेऊ नये.

मग हे छापायचं कशाला, म्हणाल. तर पिंगळीचे सटवाजी म्हणून रेल्वेच्या रुळावर काम करणारे एक गृहस्थ आहेत. जून महिन्यापासून दर बाजारच्या दिवशी बाकड्यावर येऊन बसतात. झोप नाही, कामावर लक्ष लागत नाही, रुळाकडे बघवत नाही म्हणतात. ज्याचं काम रूळ आहे त्याने असं म्हणावं, हे मला बरं दिसेना. मी त्यांना डॉक्टरांकडे चला म्हणालो. ते म्हणाले, "तिथं येडे जातेत मालक. तुमी गेलता का कधी?" मी बातम्यांच्या कागदात तोंड घातलं आणि म्हणालो, आज चहा घ्या. साडूबुवा, सात वर्षं मी लोकांचं ऐकलं, पण इतका लहान प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं.

त्याच दिवशी घरी जाऊन मी मजकूर लिहिला आणि आमचे जुळारी बन्सीधर यांनी तो खिळे वेचून जुळवला. इथून पुढची फजिती धंद्याची. आमच्या छापखान्यात प्रत्येक अक्षराचे खिळे मोजके. माझ्या मजकुरात 'मी' आणि 'मन' इतक्या वेळा आले की सगळे म त्यातच गुंतून पडले. मजकूर छापून सुटा केल्याशिवाय ते खणात परत यायचे नाहीत, आणि मी तर छापत नव्हतो. चार आठवडे 'ओसरी' जवळपास म-शिवाय निघाली. पुढाऱ्यांच्या नावामागचं 'मा.' गेलं. आश्रुबा अंक फडकवत आले, "आमचं माननीय कुटं गेलं? बातमी दिऊ नका, पण माननीय तर द्या." लग्नपत्रिका घेणंच बंद झालं, कारण 'मंगल' आणि 'मुहूर्त' सोडून कोणता बाप लग्न लावील? बन्सीधर साठीचे आहेत, फार बोलत नाहीत. बुधवारी ते रिकाम्या खणात बोट फिरवत म्हणाले, "मालक, एकतर ह्ये छापा, न्हाईतर मोडा. तुमच्या एकट्याच्या मनापायी सगळ्या जिल्ह्याचा म अडकून पडलाय."

मी मोडायला हात घातलाही होता. तेवढ्यात हेमा डबा घेऊन आली. तिने मजकुराचा कच्चा छाप उचलला आणि उभ्या उभ्या वाचला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शिक्षिका होणार असल्यामुळे तिने आधी पेन्सिल मागितली, दोन चुका काढल्या आणि मग म्हणाली, "बाबा, डॉक्टरांचा पत्ता राहिला की. लोक जाणार कुठं?" मी म्हणालो, सेलू? ती म्हणाली, "सेलूला मी जायलेय ना राहायला? मग मलाच ठरवू द्या." पत्ता तिने मला विचारून स्वतः जुळवून घेतला.

गुरुवारी अंक निघाला. पहिल्या पानावर, माझ्या नावाने, पत्त्यासकट. घरी सर्वांस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
गोविंद

ता. क. – आता खरं काम. सेलूच्या वर्गणीदारांचे चौदा अंक मी अजून टपालात टाकलेले नाहीत. सोबत दोन प्रती आहेत. एक आपल्याला. दुसरी आपण मंगळवारी सेलूला जाऊन आबासाहेबांच्या हातात द्यावी, त्यांना बाहेरून कळायच्या आत. फक्त द्यावी. माझी बाजू मांडू नये. आपण बाजू मांडल्यावर माझं स्वतःचं लग्न पंधरा दिवस लांबलं होतं.

ता. क. २ – दिवाळीत अक्कांनी आमच्या फडताळातल्या 'पित्ताच्या' दोन गोळ्या घेतल्या आणि त्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत झोपल्या, ते आपल्याला आठवत असेल. परवा त्यांचं कार्ड आलं की परभणीच्या त्या गोळ्यांसारखा गुण कशाला नाही, अजून पाठवा. त्या पित्ताच्या नव्हत्या. आता आपल्या लक्षात आलंच असेल. कुलूप लावलं आहे.

ता. क. ३ – सेलू स्टेशन, मंगळवार दुपार. पाकीट टपालात टाकायचं राहून गेलं. काल सटवाजी अंक घडी करून खिशात घालून आले आणि फक्त गाडी किती वाजता म्हणाले. आज आम्ही दोघं औरंगाबादला निघालो. सेलू आलं तसं मला वाटलं, यांना डॉक्टरांकडे घेऊन चाललोय आणि माझा कागद तुमच्या हाती देऊन लपतोय. आम्ही दोघंही उतरलो. आबासाहेबांनी अंक अंगणात उभ्यानेच वाचला, परत पहिल्यापासून वाचला. लग्नाचं ते बोलले नाहीत, मीही नाही. आत बसवून चहा दिला आणि विचारलं, हे डॉक्टर कोणत्या वारी भेटतात? बुधवारी, म्हणालो. ते त्यांनी पंचांगाच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं. तेव्हा आपण सेलूला जायची तसदी घेऊ नये. अंक मी स्वतः देऊन आलो आहे.