तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीखाली

प्रिय ताई,

दादाच्या कार्यक्रमात खुर्चीखाली वाजला तो मोबाइल मीच चिकटवला होता. चिकटपट्टीचे चांगले चार वेढे दिले, पटकन निघू नये म्हणून. त्या खुर्चीवर बसलेल्या वाचनालयाच्या बाईंवर तू उगाच तोंड टाकलंस. त्यांची माफी माग बाई.

आठ वर्षं मी त्याच्या मागे ड्रम बडवले गं. बँड होता तेव्हा माईकमध्ये ओरडायचा, "ठोक्या, हाण!" मी हाणायचो. गॅरेजचा पत्रा थरथरायचा, शेजारचे काका लुंगी सावरत भांडायला यायचे. मग साहेबांना साधेपणा सुचला. एक गिटार, स्वतः लिहिलेली लोकगीतासारखी गाणी, समोर चाळीस माणसं, माईकसुद्धा नको. आधी म्हणाला, काठ्या ठेव, ब्रशने वाजव. वाजवलं. मग म्हणाला, ड्रमच नको, खोक्यावर बसून हाताने थापट. थापटलं. मग हातात खुळखुळा दिला, तान्ह्या बाळाला देतात तसा. तोही हलवला, लाज गुंडाळून. शेवटी म्हणाला, तू नुसता बस, तू असलास की बरं वाटतं. मी काय फुलदाणी आहे? उठून आलो. हाक मारेल म्हणून जिन्यात बुटाची नाडी तीनदा सोडून बांधली. वरून नुसती गिटार ऐकू येत होती.

म्हणून गजर लावला. गाण्यांचा क्रम पाठच होता, बरोबर सगळ्यात हळू गाण्यावर आणला. आणि गजर म्हणून माझेच ड्रम, गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेले. मी दाराबाहेर उभा, त्याचं तोंड बघायला. वाटलं ओळखेल, शिव्या घालेल, निदान हसेल. तो थांबला. मान तिरकी करून नीट ऐकलं, दहा-बारा ठोके तरी. मग म्हणाला, कुणाचा आहे तो, बंद करा हो, आणि ताल कुठल्या मशीनचा आहे, भयंकरच आहे. सगळे हसले. तूही हसलीस.

काल फोनवर तू विचारलंस, कुणाचा उद्योग असेल, दादाला छडा लावायचाय. तेव्हा 'मला काय माहीत' म्हणालो, म्हणून हे लिहितोय. मोबाइल मी चिकटवला हे खुशाल सांग, दोन रट्टे देईल फार तर. पण त्यातले ड्रम वाजवणारा मी होतो हे त्याला कळू देऊ नकोस. कळलं तर त्याला माझी कीव येईल, परत बोलावेल. आणि मी जाईन गं, शेपूट हलवत जाईन. पाया पडतो ताई, त्याला नको, आईला नको, कुणालाच सांगू नकोस.

तुझाच,
ठोक्या