आरूची लाथ

मंगळवार, रात्र

पाय दुखून राहिलेत. दिवसभर दुकानात उभं राहायचं अन् वरून आज आरूला कळमनुरीत कराट्याच्या क्लासला न्यायचं. सहा वर्षांचं लेकरू. शाळेत कुणी ढकललं तरी गप उभं राहतं, म्हणून मीच हट्टानं नाव घातलं.

सरांनी हातात पॅड देऊन एक पोरगी समोर उभी केली. "मार लाथ!" आरूनं मारली, चांगली जोरात मारली. अन् लगेच वाकून त्या पोरीला हात लावला, तो हात स्वतःच्या छातीला लावला. परत लाथ, परत पाया पडणं. पोरं हसायला लागली.

सर म्हणाले, "अगं, इथं पाया पडायचं न्हाई."

ती रडकुंडीला आली. "आई म्हणती, कुणाला पाय लागला की पाया पडायचं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मीच शिकवलंय, मला माझ्या आईनं. चुकीचं आहे का ते? न्हाई. मग माझी मान काहून खाली गेली?

बसमध्ये आरू विचारते, "क्लासात न्हाई पडायचं, घरी पडायचं, व्हय?"

"व्हय."

"अन् शाळेत?"

"झोप जरा," म्हणून मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. थकले होते.

आता न जेवताच बाजूला झोपलीय. हे लिहितानाच तिची लाथ बसली पोटात. मी तिच्या हाताची वाट बघितली. एरवी अर्ध्या झोपेतही येतो. आज नाही आला. कुशीवर वळली अन् झोपली.

पोट दुखतंय अजून. दुखू दे.